मर्यादवेल की समुद्रशोक?

प्रश्न: गुहागरच्या पुळणीवर सकाळी सुरूच्या बनापुढे जांभळट गुलाबी फुलांची वेल पसरलेली दिसली. फुलं कर्ण्यासारखी, पानं आपट्यासारखी मधोमध खाचलेली. सोबतचा मित्र म्हणाला समुद्रशोक, तिथल्या आजी म्हणाल्या मर्यादवेल. दोन्ही एकच का? आणि मर्यादा कसली?

उत्तर: आजींचं बरोबर, ती मर्यादवेलच. इथे मर्यादा म्हणजे अदब नव्हे, हद्द. संस्कृतात या शब्दाला समुद्राचा काठ असाही अर्थ आहे. भरतीचं पाणी रोज जिथवर चढतं, त्याच्या वरच्या कोरड्या वाळूत ही वेल सुरू होते. ओहोटीला खाली उतरून मागे वळून बघा, हिरवी रेघ ओढल्यासारखी दिसते. शास्त्रीय नावातल्या लॅटिन शब्दांचा अर्थ 'बकरीचा पाय', म्हणजे त्यांना पानात खूर दिसला. आपल्या लोकांनी पान बाजूला ठेवलं आणि वेल कुठे थांबते ते पाहिलं. मला हे नाव फार आवडतं. पेऱ्यापेऱ्याला मुळं फुटून ती वाळू धरून ठेवते, म्हणून किनारा साफ करताना तण समजून कृपया कोणी उपटू नका.

समुद्रशोक तिचा भाऊबंद, दोघी रताळ्याच्या कुळातल्या, म्हणून फुलं पाहून फसायला होतं. पण समुद्रशोकाचं पान मोठं, बदामी आकाराचं, बिनखाचेचं. उलटलं की खाली रुपेरी लव. ती झाडांवर चढते, किनाऱ्यापासून दूरही आढळते. नावात समुद्र आहे म्हणून झाड पुळणीवरच असेल असं नाही. समुद्रफळाचं झाड तर नदीकाठी वाढतं, आणि समुद्रफेस ही वनस्पतीच नव्हे, माकुळाच्या जातीतल्या प्राण्याच्या अंगातलं कवच आहे ते.

प्रश्न: आभारी आहे काका. फोटोत खाच स्पष्ट आहे. अजून एक: खाडीच्या बांधाला काटेरी पानांची, निळसर फुलांची झुडपं होती.

उत्तर: कांदळांच्या सोबतीने, चिखलात होती ना? मग मारांडी. फूल जवळून बघा: खालची एकच रुंद पाकळी पुढे आलेली, वरची बाजू उघडी. पानाला हात लावताना जपून, कडेचे काटे चांगलेच टोचतात.