भाजलेल्या खोबऱ्याची पोर्टर: वास आणि फेस दोन्ही गेले

रत्नांग्रीकर (एडिसन, न्यू जर्सी)
मंडळी, माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) तयार अर्क सोडून धान्यापासून बिअर करायला लागलो त्याला वर्ष होईल. आई वाटपासाठी खोबरं भाजायची तेव्हा ओटीपर्यंत वास यायचा. तो पोर्टरमध्ये, म्हणजे गडद काळपट बिअरमध्ये, उतरावा, एवढंच मनात आहे.

१९ लिटरला पेल माल्ट ४.२ किलो, ओट्स ४००, क्रिस्टल माल्ट ४५०, चॉकलेट माल्ट (चॉकलेट नव्हे, गडद भाजलेलं माल्ट) ३०० ग्रॅम. मॅश, म्हणजे धान्य गरम पाण्यात भिजवणं, ६७ अंश सेल्सियसवर तासभर. गुरुत्व (त्यावरून साखर किती आंबली ते कळतं) १.०५८ वरून १.०१४ वर आलं, तिथे तक्रार नाही. बिनसाखरेचे खोबऱ्याचे काप ४५० ग्रॅम, तव्यावर तांबूस भाजून उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत टाकले.

परवा पहिली बाटली उघडली. पोर्टर छान, पण खोबरं औषधालाही नाही. फेस दोन बोटं आला आणि ग्लास टेबलावर ठेवेस्तोवर बसला. वर तेलाचे बारीक थेंब. कुठे चुकलं?

माल्टवेडी
उकळीत टाकलंत तिथेच. निम्मा वास वाफेबरोबर गेला, उरलेला आंबताना कार्बन डायऑक्साइडने बाहेर नेला. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांवर तेल असतं, गरम वॉर्टमध्ये (आंबवण्याआधीच्या गोड पाण्यात) ते सगळं सुटलं. फेसाचा वैरी म्हणजे तेल.

खोबरं आंबणं पूर्ण झाल्यावरच घाला. आणि तवा नको, कडा करपतात आणि मधले काप पांढरेच राहतात. ओव्हन १५० अंशांवर, दर तीन-चार मिनिटांनी हलवत. रंग जायफळासारखा झाला की बाहेर काढा. मग कागदावर पसरून वर दुसरा कागद दाबा. कागद पारदर्शक होतो. तेल सुटायचं थांबेपर्यंत मी तीनदा तरी बदलते. उकळून घेतलेल्या मलमलच्या पिशवीत बांधून चार दिवस बिअरमध्ये ठेवा. तिसऱ्या दिवसापासून रोज चाखा.

कोठीवाला
याला एक जोड. पिशवी काढली की फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) दोन दिवस फ्रिजमध्ये, २ अंशांवर. खोबरेल २४ अंशांखाली गोठतं, आपल्याकडे थंडीत बाटलीतलं गोठतं तसंच. वर पांढरी साय धरते. नळी खाली धरून तिच्याखालची बिअर काढायची, शेवटचा अर्धा लिटर सोडून द्यायचा. जीव तुटतो, पण सोडा.

ओला नारळ मात्र चुकूनही नको, खवट होतो.

रत्नांग्रीकर
पाच आठवड्यांनी लिहितोय. दोघांचंही तंतोतंत ऐकलं. चौथ्या दिवशी पिशवी काढली, साय खरंच धरली होती, नखाएवढी जाड. काल बाटली उघडली. फेस अर्ध्या ग्लासापर्यंत टिकला. बायकोने नुसता वास घेतला आणि विचारलं, "आज कोंबडी वडे आहेत का?"

पुढच्या खेपेला खोबरं ६०० ग्रॅम करतोय. माल्टवेडीताई, तेवढ्याला कागद किती वेळा बदलू?