‘द एनिमी’ पाहिलेल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

स्टार ट्रेक या अंतराळकथांच्या ‘नेक्स्ट जनरेशन’ मालिकेतला ‘द एनिमी’ हा भाग अमेरिकेत ६ नोव्हेंबर १९८९ च्या आठवड्यात दाखवला गेला. त्याच आठवड्यात, ९ तारखेला, बर्लिनची भिंत खुली झाली. हा योगायोग कळल्यापासून तो भाग पाहताना ती तारीख माझ्या डोक्यातून जात नाही.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅलॉर्नडन कोर नावाच्या वादळी ग्रहावर एन्टरप्राइज या अंतराळजहाजाचा मुख्य अभियंता जॉर्डी अडकतो. तो जन्मांध आहे, डोळ्यांवरच्या व्हायजर नावाच्या पट्टीमुळे त्याला दिसतं. तिथे बोक्रा नावाचा रोम्युलन, म्हणजे शत्रू परग्रहवासीयांचा, सैनिक त्याला शस्त्र रोखून पकडतो. पण त्या वादळात व्हायजर बंद पडतो, बोक्राच्या पायांतली शक्ती जाते, आणि एकट्याने कुणीच वाचणार नाही हे दोघांनाही कळून चुकतं.

वर जहाजावर दुसरा रोम्युलन, पटाक, शेवटच्या घटका मोजतोय. त्याला लागणारे रायबोसोम (पेशींतले प्रथिनं बनवणारे कण) जुळतात ते फक्त जहाजावरचा क्लिंगॉन वंशाचा अधिकारी वॉर्फ याच्याशी, आणि वॉर्फच्या आईवडिलांना खिटोमर या क्लिंगॉन वसाहतीवर रोम्युलनांनीच मारलंय. वॉर्फ नाही म्हणतो. पटाक मरतो.

माझ्या मते या भागाचा जीव त्या नकारात आहे. खाली दोघांनाही जगायचंय, म्हणून हात पुढे होतात. वॉर्फच्या पदरात मात्र काहीच पडणार नाही, आणि तरी त्याने द्यावं अशी सगळ्यांची अपेक्षा आहे. तुम्हाला त्याचा राग आला का? की तो बरोबर वाटला? सविस्तर लिहा.

नाशिक, रक्तपेढीत तंत्रज्ञ

मला जहाजाचा कप्तान पिकार्ड पटला. तो वॉर्फला विनवतो, हा माणूस दगावला तर युद्ध पेटू शकतं हेही सांगतो, पण हुकूम सोडत नाही. आमच्याकडे दाता खुर्चीत बसलेला असतो, दंडाला पट्टा बांधलेला असतो, आणि त्या क्षणी तो नको म्हणाला की विषय संपला. पट्टा सोडायचा, चहा द्यायचा. आत ऑपरेशन टेबलावर कुणीही असो.

आणखी एक प्रसंग लोक विसरतात. वॉर्फ पटाकच्या खाटेपाशी जातो तेव्हा पटाकच म्हणतो, क्लिंगॉनची घाण अंगात घेण्यापेक्षा मेलेलं बरं. मी तिथे चित्र थांबवलं आणि थोडा वेळ उठून गेले. रक्त कुणाचं आहे, कुठल्या समाजाच्या माणसाचं आहे, असं खालच्या आवाजात विचारणारे नातेवाईक मी पाहिलेत. पिशवीवर गट असतो, क्रमांक असतो, तारखा असतात. दात्याचं नाव नसतं. मी तेवढंच दाखवते.

कोल्हापूर

मला दिसत नाही. हा भाग मी ऐकला, शेजारी बसून धाकटा भाऊ चित्र सांगत होता. जॉर्डी जन्मापासून आंधळा आहे हे कळल्यावर बोक्रा विचारतो, तरी आईबापांनी तुला जगू दिलं? पुढे म्हणतो, असल्या मुलांवर वेळ आणि पैसा घालवता म्हणूनच तुम्ही कमजोर. भाऊ बोलायचा थांबला. मी म्हटलं, सांगत राहा.

पुढचं तर मी रोज जगलोय. व्हायजर ट्रायकॉर्डर या हातातल्या मापनयंत्राला जोडायचा असतो. कुठली तार कुठे, हे जॉर्डीला पाठ आहे, पण दिसत नाही. बोक्राला दिसतं, पण ते यंत्र कळत नाही. बोर्डाच्या परीक्षेला माझा लेखनिक खालच्या इयत्तेतला मुलगा होता. भूमितीच्या आकृतीत ‘आता क पासून लंब टाक’ असं सांगायचं आणि पेन्सिल कागदावर सरकल्याच्या आवाजावरून त्याने टाकला की नाही हे ओळखायचं. उत्तर माझं, हात त्याचा. लोक मला विचारत, मदतनीस चांगला होता का? पेपर मी सोडवला, हे आधी कुणाच्या मनात येत नसे. या गोष्टीत दोघांनाही एकमेकांवाचून अडलेलं दाखवलंय, म्हणून ती मला इतकी जवळची आहे.

सातारा जिल्हा

मी वॉर्फच्या बाजूने आहे आणि राहणार. आमच्या घरातला माणूस ६५ च्या लढाईत गेला. ज्याचं गेलंय त्याच्यापाशीच मोठ्या मनाची मागणी का होते? रोम्युलनांना कुणी सांगत नाही की खिटोमरबद्दल आधी दोन शब्द बोला. डॉक्टर क्रशर रागावते ते समजतं, तिच्यासमोर माणूस मरतोय. पण वॉर्फला खलनायक केलं नाही, हे लिहिणाऱ्यांचे उपकार.

बंगळुरू

मी भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणाबद्दल. जहाजावरचा कोवळा वेस्ली सुचवतो की ग्रहावर न्यूट्रिनोचा दीपस्तंभ पाठवू, जॉर्डीला तो व्हायजरने दिसेल. कल्पना झकास आहे, कारण न्यूट्रिनो कशालाच जुमानत नाही. वादळ काय, अख्खा ग्रह आरपार जातो. अडचण पकडण्याची. १९८७ च्या फेब्रुवारीत सुपरनोव्हाचे, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटाचे, न्यूट्रिनो पृथ्वीवर आले तेव्हा जगभरच्या शोधकयंत्रांत मिळून जेमतेम दोन डझन सापडले. आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणीत, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ब्रिटिश आणि जपानी सहकाऱ्यांसह १९६५ मध्येच वातावरणातले न्यूट्रिनो टिपले होते. ते किती खोल उतरून, हे ठाऊक असल्याने डोळ्यांवरच्या पट्टीने न्यूट्रिनो पकडणारा जॉर्डी मला फार आवडतो.

ह्यूस्टन

शेवटी पिकार्ड आपल्या जहाजाचं संरक्षक कवच उतरवतो, समोर रोम्युलन सेनानी टोमलॉकचं जहाज सज्ज असताना. कवच असताना खालच्या दोघांना वर घेताच येत नाही. माझ्या मुलाने विचारलं, त्याने आधी का उतरवायचं? मी त्याला १७ जुलै १९७५ चं अपोलो-सोयूझ, म्हणजे अमेरिकी आणि सोव्हिएत यानांची अंतराळातली जोडणी, सांगितलं. त्याआधीच्या जोडणीत एक यान घुसणारं आणि दुसरं घेणारं असे. या मोहिमेसाठी दोन्ही बाजूंना सारखीच कडी बनवली, म्हणजे कुणाकडेच कमीपणा नको. पिकार्डकडे तशी कडी नव्हती.

धागाकर्ता

साताऱ्याच्या दादांना एक सांगतो. मालिकेने वॉर्फला पुढेही सहजासहजी मवाळ केलं नाही. १९९३ च्या ‘बर्थराइट’ या दोन भागांत तो खिटोमरहून पकडलेल्या क्लिंगॉनांच्या वस्तीत पोचतो. तिथे कैदी आणि त्यांचे रोम्युलन पहारेकरी एकत्र राहू लागलेत, काहींनी लग्नं केलीत. वॉर्फ बाएल नावाच्या मुलीकडे ओढला जातो, आणि तिच्या केसांआडचे टोकदार कान दिसताच मागे सरतो. तोही भाग पाहा आणि इथेच लिहा.