मदत हवी आहे: जुनी आउटलँडर पीएचईव्ही घ्यावी का?

नमस्कार मंडळी, आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. २०१९ ची मित्सुबिशी आउटलँडर पीएचईव्ही (म्हणजे प्लग लावून चार्ज होणारी, बॅटरी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी हायब्रिड) बघून आलोय. २.४ लिटर पेट्रोल इंजिन, १३.८ किलोवॅट-तासांची बॅटरी, ६८ हजार मैल. ऑफिस जाऊन-येऊन १८ मैल आणि घरी चार्जिंगची सोय आहे, त्यामुळे रोजचं पेट्रोल वाचावं एवढीच अपेक्षा.

गाडी बाहेरून झकास आहे. पण डिकीत चार्जिंगची केबल अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात होती! आधी ही कोणाला तरी नोकरीत कंपनीकडून मिळालेली गाडी होती. इथे टॅक्स वाचतो म्हणून लोक अशा गाड्या घेतात आणि नुसत्या पेट्रोलवर पळवतात. इंजिनाने जास्त सोसलंय हे कळतं, पण बॅटरीचं काय समजायचं? पूर्ण चार्जवर डॅशबोर्ड १९ मैल दाखवत होता, हीटर लावताच १५. ओबीडी डाँगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं छोटं यंत्र) लावून बॅटरीची उरलेली क्षमता बघू द्या म्हटलं, तर डीलर टाळाटाळ करतोय. तिथेच मन खट्टू झालं.

कोणी ही गाडी वापरतंय का? तुमच्या बॅटरीची क्षमता किती ॲम्पिअर-तास उरलीय? मित्सुबिशीने २०२१ मध्ये इथली नवीन गाड्यांची विक्री थांबवली, मग पार्ट्स वेळेवर मिळतात का? शनिवारपर्यंत डीलरला कळवायचंय, प्लीज सांगा.