मॅनेजर गेला, आता त्याच्या कोचांचं काय करायचं?

उजवाबॅक: फुटबॉल क्लबने हंगामाच्या मध्यावर मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) बदलला तर सहायक, गोलकीपर कोच, फिटनेस कोच, अॅनालिस्ट (सामन्यांचे व्हिडिओ आणि आकडे अभ्यासणारा) यांना ठेवावं का? २०१३ मध्ये मँचेस्टर युनायटेडला मॅनेजर म्हणून डेव्हिड मॉइस आले आणि माइक फेलन, रेने म्यूलेनस्टीन, एरिक स्टील हे जुने कोच तिघंही गेले. ८९ गुणांनी लीग जिंकलेला संघ पुढच्या हंगामात ६४ गुणांवर, सातवा. उलट २०२४ ला मॅनेजर क्लॉपबरोबर सहायक लाइंडर्स, क्राविएत्स आणि गोलकीपर कोच आख्तरबर्ग लिव्हरपूल सोडून गेले, तरी नवे मॅनेजर स्लॉट यांनी पहिल्याच वर्षी लीग जिंकली. मग धडा कुठला घ्यायचा?

टचलाइन: तारखा बघा. आपण जाणार हे क्लॉपने २६ जानेवारीलाच जाहीर केलं होतं, त्यामुळे क्लबला तयारीला महिने मिळाले, आणि खेळाडूही जवळपास तेच राहिले. मध्यावर हकालपट्टी झाली की शनिवारी सामना, मंगळवारी नवा माणूस, पुन्हा शनिवारी सामना. तेव्हा सगळेच गेले तर कोणाचा गुडघा कधी दुखावलाय, कोणाला सलग दोन सामने झेपत नाहीत, हे सांगणाराच उरत नाही.

पहिला सहायक मात्र नव्या मॅनेजरचाच हवा. सराव तोच घेतो. दोघांनी दोन भाषा बोलल्या तर बचावफळीने कुठवर पुढे चढायचं याचाच गोंधळ होतो. गोलकीपर कोच, डॉक्टर, फिजिओ, अॅनालिस्ट हे क्लबचे. बार्सिलोनात होसे रामोन दे ला फुएन्ते २०१४ ला मॅनेजर लुईस एनरिकेच्या काळात गोलकीपर कोच झाले आणि पुढे मॅनेजर म्हणून फ्लिक आले तेव्हाही तेच होते.

हाफटाइम_पाणी: फिटनेसबद्दल कोणी बोलत नाही, आणि खरी मोडतोड तिथेच होते. नव्या मॅनेजरला पहिल्या दिवसापासून वरती प्रेसिंग (प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यातच धावून चेंडू हिसकावणं) हवं असतं. खेळाडूंच्या अंगावरच्या जीपीएसमध्ये ताशी १९.८ किमीच्या वरची धाव वेगवान आणि २५.२ च्या वरची स्प्रिंट धरतात. हे अंतर एका आठवड्यात एकदम वाढलं की हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचे स्नायू) जातात. जुना फिटनेस कोच असेल तर प्रत्येकाचे मागच्या चार आठवड्यांचे आकडे समोर ठेवून 'याला आज अर्धाच सराव' असं सांगू शकतो. म्हणून नव्याने स्वतःचा माणूस आणला तरी जुन्याला निदान सहा आठवडे ठेवा, आणि त्या काळात शेवटचा शब्द कोणाचा हे पहिल्याच दिवशी ठरवा.

म्हापशाचा_विंगर: सहायक बाहेरचाच हवा, हे मला पटत नाही. इंडियन सुपर लीगमध्ये एफसी गोवाने २०२० च्या जानेवारीअखेर प्रमुख कोच लोबेरांना काढलं तेव्हा लीगचे तीन सामने उरले होते. सहायक क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे संघ दिला: हैदराबादविरुद्ध ४-१, मुंबई सिटीविरुद्ध ५-२, जमशेदपूरविरुद्ध ५-०. लीग शील्ड (साखळीत पहिलं येणाऱ्याची ढाल) गोव्याकडे आली. खेळायची पद्धत बदलली नाही, हेच कारण. (उपांत्य फेरीत चेन्नईयनकडून ६-५ अशी एकत्रित हार झाली, पण तो वेगळा विषय.) चेल्सीत स्टीव्ह हॉलंड व्हिलास-बोआसपासून काँटेपर्यंतच्या मॅनेजरांचे सहायक होते, २०१५ आणि २०१७ च्या दोन्ही विजेतेपदांत.

टचलाइन: मिरांडांचं उदाहरण मान्य, पण तिथे सहायकच प्रमुख झाला. वर नवा प्रमुख बसला की अडचण निराळी. बाकावर बसलेले खेळाडू जुन्या सहायकाकडे गाऱ्हाणी नेतात, आणि त्याला स्वतःला ती जागा हवी होती का, हे आधी तोंडावर विचारावं लागतं. हवी होती आणि मिळाली नाही, तर मानाने निरोप द्या.

उजवाबॅक: आणि करार?

हाफटाइम_पाणी: मॅनेजरने आणलेल्यांचा करार त्याच्याच मुदतीला बांधा, भरपाई किती महिन्यांची ते आधीच लिहून ठेवा. क्लबच्या लोकांनी मॅनेजरला नाही, स्पोर्टिंग डायरेक्टरला (क्लबचा फुटबॉल विभाग सांभाळणारा अधिकारी) जबाबदार असावं; विशेषतः डॉक्टरांनी. जाणाऱ्याकडून दुखापतींच्या नोंदी, जीपीएसच्या फायली, पेनल्टी घेणाऱ्यांची टिपणं घ्या. कॉर्नर घेताना करायच्या हाताच्या खुणा मात्र बदलाच, जाणारा उद्या समोरच्या संघाच्या डगआउटमध्ये (मैदानाकडेचा कोचांचा बाक) असू शकतो.