मदत हवी आहे: शाळेची ओली भिंत, पस्तीस जण आणि एक शनिवार

मंडळी, आमचं ऑफिस ऐरोलीत. दरवर्षी एक शनिवार समाजकार्याचा असतो. यंदा घणसोलीच्या बाजूची एक पालिका शाळा ठरली आहे (नाव देत नाही) आणि माणसं जमवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. तारीख जूनचा पहिला शनिवार. पस्तीस नावं आली, टी-शर्ट छापूनसुद्धा आले. बेत काय, तर बाहेरची भिंत रंगवायची आणि तिच्यावर चित्रं काढायची.

सुट्टी लागायच्या आधी शाळा बघून आलो. त्या भिंतीवर आमच्यासारख्याच कुणीतरी पूर्वी हत्ती काढलाय. त्याची सोंड पोपड्यांसकट गळून पडलीय. उरलेल्या हत्तीवरून हात फिरवला तर बोटांना पांढरा खार लागला. पलीकडे मुलींचं स्वच्छतागृह. मुख्याध्यापिकाबाई काही न बोलता मला तिकडेच घेऊन गेल्या. एक नळ चिंधीने बांधलेला, दुसऱ्याला पाणी नाही, दाराची कडी तुटलेली. मुली जोडीने येतात. एक आत जाते, दुसरी बाहेरून दार धरून उभी राहते. बाई म्हणाल्या, "रंग द्याच हो, पण आधी एवढं बघता आलं तर बघा."

ऑफिसात सांगितलं तर म्हणे प्लंबरच्या कामात पस्तीस जण काय करणार? तेही खरंच.

तर सांगा: नळ-पाइपच्या कामाला बाईंचा होकार पुरतो का? भिंत वाळली हे ओळखायचं कसं? शाळा १५ जूनला उघडेल. आणि कधी ब्रश न धरलेल्या माणसांना त्या दिवशी कामाला लावू तरी कशाला?

प्रतिसाद (निवृत्त शिक्षिका, कळवा):
तोंडी होकारावर जाऊ नका, उद्या बाईंची बदली झाली तर? शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक. समितीचा ठराव घ्या आणि तो जोडून पालिकेच्या शिक्षण विभागाला अर्ज द्या. मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं याच कायद्याच्या अनुसूचीत आहेत, तेही अर्जात लिहा. तुम्ही हौसेने केलंत म्हणून पालिकेने हात झटकायला नकोत.

प्रतिसाद (रंगकामाचा ठेकेदार, ठाणे):
गळती आजच बंद करा, पोपडे खरवडून भिंत उघडी टाका. मग हातभर प्लॅस्टिक चारी कडांनी टेप लावून चिकटवा. दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला पाणी धरलं असेल तर रंग नको. वरून पुट्टी फासलीत तर पुन्हा तोच हत्ती. तोवर माणसांना बाकांचे वर आलेले खिळे ठोकू द्या, फळ्यांना काळा रंग मारू द्या. पाचवीच्या दाराखाली फरशीवर कोनमापक आखा: ०, ३०, ६०, ९० अंश. दार जितकं उघडेल तितका कोन पोरांना दिसतो.

धागाकर्ता:
आभार! प्लंबर उद्याच बघतो. ठरावाचं बाईंशी बोलतो. कोनमापकाला ऑइल पेंट चालेल ना?

ठेकेदार, ठाणे:
चालेल. फरशी आधी घासून कोरडी करा, दोन हात द्या, वाळेपर्यंत कुणाला पाय ठेवू देऊ नका. फोटोवाल्यालासुद्धा.