मदत हवी आहे: वय २४, वाचलेलं लक्षात राहत नाही, झोप साडेतीन तास

गवतीचहा:
भाचा पुण्यात राज्यसेवेची तयारी करतोय. सकाळी वाचलेली कलमं संध्याकाळी आठवत नाहीत, सराव परीक्षेत कोरा होतो, खोलीवर आला की उत्तरं आठवतात. मागच्या वर्षी दुचाकीचा अपघात झाला, त्यात मागे बसलेला मित्र गेला. याला खरचटलं फक्त. हेल्मेट होतं, शुद्धही हरपली नव्हती. रात्री दीडला झोपतो, गजर पाचचा. चहा पाच-सहा वेळा, शेवटचा अकराला. झोप लागत नाही म्हणून अधूनमधून गोळी घेतो. घरच्यांनी ब्राह्मीच्या बाटल्या आणून ठेवल्यात. एमआरआय करावा का? की आधी मानसोपचारतज्ज्ञ?

कोरापाट:
गोळी कोणती? हे आधी सांगा.

गवतीचहा:
विचारलं. कधी सेटिरिझिन (अ‍ॅलर्जीची गोळी), कधी मित्राकडची अल्प्राझोलाम (घबराटीवरची, गुंगी आणणारी गोळी). आठवड्यातून दोनदा वगैरे.

कोरापाट:
मग अर्धा गुंता इथेच आहे. अल्प्राझोलामच्या अमलाखाली वाचलेल्याची नोंदच नीट होत नाही. गोळी घेऊन 'झोप येईपर्यंत एक प्रकरण' वाचलं असेल तर ते वाया गेलं समजा. सेटिरिझिनची सुस्ती काहींना दुसऱ्या दिवशीही राहते. दोन्ही डॉक्टरांना दाखवा. अल्प्राझोलाम रोज, आठवडेच्या आठवडे चालू असेल तर मात्र एकदम तोडू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करावी लागते, नाहीतर घबराट वाढते, क्वचित झटकेही येतात.

आता झोप. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. पाचचा गजर नेमकी ती कापतो. दिवसभरात वाचलेलं पक्कं व्हायला पूर्ण रात्र लागते. 'सवय झालीय' यावर विश्वास ठेवू नका. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात तरुणांना १४ रात्री सहाच तास झोपू दिलं. त्यांचं लक्ष रात्रभर जागलेल्या माणसाइतकं ढासळलं, आणि त्यांना स्वतःला मात्र थोडीशीच झोप येतेय असं वाटत होतं. तुमच्या भाच्याला सहाही मिळत नाहीत. तोवर दुचाकी चालवू देऊ नका.

सुरुवात उठण्याच्या वेळेपासून करा: साडेसहा, रविवारीही. उठल्यावर २०-३० मिनिटं गच्चीवर उजेडात. झोपायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी अर्ध्या तासाने अलीकडे आणा, साडेअकरापर्यंत. शेवटचा चहा दुपारी दोनला. कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे अकराच्या चहाचं निम्मं पहाटे चारला अंगात असतं. डुलकी घ्यायचीच तर तीनच्या आत, २० मिनिटं.

तिठा:
झोप लागत नसेल तर दहालाच आडवं व्हायला सांगा, कधीतरी लागेल.

कोरापाट:
नको. लवकर आडवं झालं की तळमळ वाढते, मग अंथरूण दिसलं की जाग येते. वीसेक मिनिटं लागली नाही तर उठायचं, मंद दिव्यात खुर्चीत बसायचं, डोळे जड झाले की परत. घड्याळ पालथं ठेवा. हॉस्टेलवर कॉट हेच टेबल असतं, ती खरी अडचण. वाचायला खाली सतरंजी टाकली तरी चालेल.

मोगरीवाडी:
अपघाताबद्दल. हे विचारा: तो प्रसंग नको असताना डोळ्यांपुढे येतो का? तो रस्ता टाळतो का? हॉर्न वाजला की दचकतो का? दुःस्वप्नांनी उठतो का? यातलं बरंचसं महिन्याहून जास्त टिकलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, आघातावरच्या सीबीटीचं (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धती) किंवा ईएमडीआरचं (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणींवर काम करणारी पद्धत) प्रशिक्षण असलेले. सतत धोक्याच्या पहाऱ्यावर असलेल्या मेंदूकडे राज्यघटनेच्या कलम ३६८ साठी लक्ष उरत नाही. बाहेरून ते विसरणं दिसतं.

आणखी एक खूण: 'शाळेतली एखादी सहल सांग' म्हटल्यावर ठिकाण, दिवस, माणसं न येता 'मजा यायची' एवढंच येतं का? आघातानंतर आणि नैराश्यात स्वतःच्या आठवणी अशा मोघम होतात. अपघाताचा तपशील मात्र घरच्यांनी खोदून विचारू नये. 'जगून काय करायचं' असं काही बोलला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, एकटं सोडू नका. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन: १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही.

पानकणीस:
एमआरआय आत्ता नको. एकटक शून्यात जाणं, झटके, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, हातापायात कमजोरी, वाढती डोकेदुखी आणि उलट्या, यातलं काही असेल तर न्यूरॉलॉजिस्ट, लगेच. नाहीतर फॅमिली डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ जीवनसत्त्व. शाकाहारी असेल तर बी-१२ नक्कीच, आणि बी-१२ च्या गोळ्या सुरू करण्याआधी तपासणीला रक्त द्या, नाहीतर आकडा फसवा येतो. घोरतो का, हे रूममेटला विचारा.

परीक्षेत कोरा होणं वेगळं. ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं आणि आठवायला अडथळा येतो. माहिती असते, म्हणून खोलीवर सुचतं. उपाय आठवण्याच्या सरावाचा: २५ मिनिटं वाचून पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर लिहा, चुका लाल पेनाने. तेच दुसऱ्या, चौथ्या, दहाव्या दिवशी. पुन्हापुन्हा वाचल्याने पान ओळखीचं वाटतं आणि येतंय असा भास होतो.

गवतीचहा:
पूर्वपरीक्षा तीन आठवड्यांवर आहे. आत्ता झोप वाढवली तर अभ्यासाचे तास जातील म्हणतो.

पानकणीस:
रोजचे साडेतीन तास जातील. त्याला या आठवड्यात एक करायला सांगा: रात्री बारानंतर वाचलेल्या भागावर २० प्रश्न आणि सकाळी दहाला वाचलेल्या भागावर २०, दोन्ही दोन दिवसांनी सोडवायचे. गुण शेजारी शेजारी लिहून त्यालाच दाखवा. डॉक्टरांची वेळ मात्र परीक्षेनंतरची घेऊ नका, याच आठवड्यातली घ्या.