अनोळखी माणसाला मदत केलीत, पुढे काय झालं?

परवा दादरच्या पुलावर एक जोडपं भेटलं, बाईच्या कडेवर पोर. "ताई, पाकीट मारलं, नांदेडला जायचंय, भाड्यापुरते द्या." दोनशे दिले. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, दिवाळीत मला भेटले तेव्हा सोलापूरला चालले होते!" घरभर हशा. दोनशे गेले ते गेले, पण पुढचा माणूस खरा असला तरी माझा हात आता आखडणार, हे खुपतंय. तुमचं काय झालं ते लिहा. उपदेश नको.

लिंबूफोड
अंधेरीच्या सिग्नलला एक मुलगी म्हणाली, पैसे नको, बाळाला दुधाची पावडर घेऊन दे. पैसे मागत नाही म्हणजे खरीच, असं वाटलं. समोरच्या दुकानातून मोठा डबा घेऊन दिला. छत्री तिथेच राहिली म्हणून दहा मिनिटांनी परत गेले, तर डबा काउंटरवर आणि दुकानदार तिला नोटा मोजून देतोय! आता मी डब्याचं सील दुकानातच फोडते, मग हातात देते. दोघींनी फोडलेलं सील बघून पाठ फिरवली. तिसरीने पिशवीतून दुधाची बाटली काढून पुढे केली.

डोंबिवली_फास्ट
पैशाचं सोडा, रक्ताचं सांगतो. माझा गट 'बॉम्बे'. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच शहरात शोधला, म्हणून हे नाव. साध्या तपासणीत तो 'ओ' दिसतो. कॉलेजच्या शिबिरात माझाही तसाच लिहिला होता. पण आम्हाला ओ चालत नाही, बॉम्बेच लागतो, आणि तो देशात साधारण १०,००० माणसांत एकाचा. त्यामुळे फोन येतो तो अनोळखी माणसाचाच.

एकदा रात्री साडेदहाला आला. परळला बाळंतीण अडलेली. पोचलो, रक्त दिलं. बाहेर तिचा नवरा "चहा घ्या ना" म्हणत मला कँटीनपर्यंत घेऊन गेला, तर शटर खाली. मग त्याने खिशातून पार्ले-जीचा अर्धा पुडा काढला. बाकावर बसून दोघांनी संपवला. बाई सुखरूप घरी गेली, मुलगी झाली.

पण त्यानंतर दोन महिन्यांनी दुसरा फोन आला. पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये तीन महिने थांबावं लागतं. नाही म्हणालो. पलीकडचा माणूस "बरं बरं, असू द्या" म्हणाला. त्या पेशंटचं काय झालं, मी विचारलं नाही. धीर झाला नाही.

ओलीचिंब
मी देणारी नाही, घेणारी. २६ जुलै २००५, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तो दिवस. कलिन्यात छातीभर पाण्यातून एका आजोबांनी मला ओढून घरात घेतलं. आम्ही अकरा जण होतो, सगळे परके. आजींनी खिचडी टाकली, सुनेचा गाऊन दिला. पंधरा दिवसांनी गाऊन धुऊन, इस्त्री करून परत द्यायला गेले. अंधारात पाहिलेली गल्ली, तीन फेऱ्या मारल्या, घर काही सापडलं नाही. गाऊन अजून कपाटात आहे. आई दरवर्षी पुसायला मागते.

पावतीबहाद्दर
आमचे बाबा पावतीशिवाय दमडी देत नाहीत. २००० च्या वर रोख दिलं तर देणगीवरची आयकर सवलत मिळत नाही, म्हणून चेकच. नव्या करप्रणालीत ती सवलतच नाही. म्हटलं, आता थांबतील. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाचे कॅन्सर पेशंट राहतात, तिथला चेक यंदाही गेला. पावती फायलीत. कशाला, ते विचारायची सोय नाही.

लिंबूफोड
@डोंबिवली_फास्ट, माझा ओ आहे. तो खरंच ओ आहे हे कसं कळणार?

डोंबिवली_फास्ट
रक्तपेढीत ओ की बॉम्बे हे सांगणारी अँटी-एच चाचणी करायला सांगा. बॉम्बे निघालात तर लगेच कळवा, एकाआड एक जाता येईल.